लँड रोव्हर आलिशान झाली, पण चिखलात चालते का? जुनी गाडी घेण्याआधीची तपासणी आणि तयारी

लँड रोव्हरचे जुने चाहते जमले की गाऱ्हाणं ठरलेलं असतं: गाडी शेतातून निघाली आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये जाऊन थांबली. २०१६ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यात शेवटची जुनी डिफेंडर बनली. २०१९ मध्ये नवी आली ती लॅडर फ्रेमऐवजी (शिडीसारखी वेगळी चेसिस) ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकवर, म्हणजे चेसिस आणि बॉडी एकच असलेल्या सांगाड्यावर. २०२३ मध्ये कंपनीने रेंज रोव्हर, डिफेंडर आणि डिस्कव्हरी हे वेगवेगळे ब्रँड केले आणि लँड रोव्हर हे नाव मागे सरकवलं. ज्यांनी हे नाव १९४८ पासूनच्या परंपरेसाठी जपलं, त्यांना ते लागलं, आणि लागणारच.

पण गाडी विकत घ्यायची असेल तर या नाराजीचे तुकडे करून बघा. चामड्याच्या सीटमुळे गाडी चिखलात रुतत नाही. १९७० ची पहिली रेंज रोव्हर आतून पाइपने धुता यायची, तरी कॉइल स्प्रिंगमुळे ती त्या काळच्या कारइतकी आरामात चालायची. म्हणजे आराम पहिल्यापासून आहे. आलिशानपणाने खरं नुकसान केलंय ते चार ठिकाणी: चाकं, एअर सस्पेन्शनची देखभाल, खाली आलेले रंगीत बंपर आणि वाटेत दुरुस्ती करण्याची सोय. तपासणी याच क्रमाने करा.

चाकं

गाडीचं बाकी काही बघण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. नव्या डिफेंडरवर १८ इंची रिमला २५५/७० आर१८ टायर येतो. २५५ चे ७० टक्के म्हणजे साइडवॉल सुमारे १७९ मिमी. त्याच गाडीला २२ इंची रिमवर २७५/४५ आर२२ येतो, त्याची साइडवॉल जेमतेम १२४ मिमी. टायरचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे जवळपास सारखाच, ८१४ आणि ८०६ मिमी. फरक आहे तो रिम आणि दगड यांच्या मधल्या रबरात: साडेपाच सेंटिमीटर कमी.

या साडेपाच सेंटिमीटरवर सगळं ठरतं. हवा कमी केली की टायर लांबट होऊन जमिनीला जास्त टेकतो, वाळूत तरंगतो, दगडाला धरून बसतो. ७० प्रोफाइलच्या टायरमध्ये खडकाळ वाटेला २२ ते २४ पीएसआय आणि मऊ वाळूला १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरता येतं. ४५ प्रोफाइलमध्ये २५ च्या खाली जाणं धोक्याचं. सुमारे अडीच टनांची गाडी दगडावर आदळली की साइडवॉल रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि आतली दोरी तुटते. बाहेर फक्त फुगवटा दिसतो, आणि तो टायर पुन्हा भरवशाचा राहत नाही.

म्हणून १८ इंची रिमचा सेट आधी शोधा. मोठ्या इंजिनाच्या मॉडेलला पुढच्या ब्रेकचं कॅलिपर मोठं असतं, तिथे छोटी रिम बसतच नाही. रिम घेण्याआधी एक चाक लावून हाताने पूर्ण फिरवा आणि कॅलिपरपासून किमान ३ मिमी मोकळी जागा आहे का बघा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि झिजेत २ ते ३ मिमीपेक्षा जास्त फरक नसलेले हवेत. नाहीतर सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो आणि गरम होतो. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का तेही बघा. हवा कमी केल्यावर वेग ३० ते ४० किमीच्या वर नेऊ नका आणि स्टिअरिंग झटक्यात वळवू नका, टायरची कड रिमवरून निसटते. पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर हवा भरा, त्यासाठी कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.

एअर सस्पेन्शन

चाहत्यांमध्ये सर्वांत जास्त वाद या भागावर होतो. विरोधक म्हणतात, स्प्रिंग तुटली तरी गाडी घरी येते, हवा गेली की गाडी बसते. बरोबर आहे. पण नव्या डिफेंडरमध्ये एअर सस्पेन्शन गाडी ७५ मिमी उचलतं, आणि गाडी पोटावर टेकली तर आणखी ७० मिमी देतं. ११० मॉडेलला त्यामुळे २९१ मिमी ग्राउंड क्लिअरन्स मिळतो. पाण्यातून जाण्याची खोलीही एअरवर ९०० मिमी, कॉइलवर ८५० मिमी. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये तर डाव्या-उजव्या बाजूच्या एअर स्प्रिंग ऑफ-रोडला एकमेकींना जोडल्या जातात. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, जुन्या सॉलिड ॲक्सलसारखं (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर). सस्पेन्शन ठणठणीत असेल तर ते कॉइलपेक्षा सरस आहे, हे माझं ठाम मत. दुखणं देखभालीचं आहे.

गळती शोधताना एक फसवणूक ठरलेली. संध्याकाळी गाडी लावली, सकाळी चारही बाजू सारख्याच खाली दिसल्या, म्हणून लोक समजतात सगळं ठीक. डिस्कव्हरी ३ सारख्या गाड्यांत कंट्रोल युनिट रात्री मधूनमधून जागं होतं आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याला जुळवून बाकीचे तीन खाली आणतं. एका कोपऱ्याची गळती चौघांत लपते. म्हणून तपासणी अशी करा: सपाट जागी गाडी ऑफ-रोड हाइटवर उचला, इंजिन बंद करा, मॅन्युअलमध्ये बघून सस्पेन्शनचा फ्यूज काढा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप मिमीमध्ये लिहून ठेवा. १२ तासांनी पुन्हा मोजा. रात्रीच्या गारव्याने हवा आकुंचन पावते, त्यामुळे चारही कोपरे थोडे उतरणं चालतं. एकच कोपरा २० मिमी उतरला असेल तर गळती तिथेच आहे.

मग एक भाग भांड्याचा लिक्विड साबण आणि चार भाग पाणी मिसळून फवारा. गाडी वर उचललेली असतानाच फवारा, कारण रबराची घडी उलगडते आणि घडीतला तडा तेव्हाच दिसतो. एअर स्प्रिंगची खालची घडी, वरचं पाइपचं फिटिंग आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (चारही कोपऱ्यांना हवा वाटणारा भाग), या तीन ठिकाणी बुडबुडे शोधा. एअरवर उभ्या असलेल्या गाडीखाली स्टँड न लावता कधीही डोकं घालू नका. व्हॉल्व्ह उघडला तर गाडी सेकंदात खाली येते.

गळती राहिली की कॉम्प्रेसर सतत चालतो, पिस्टनची रिंग झिजते, तो तापतो आणि बंद पडतो. स्कॅनरवर सी१ए२० कोड दिसला तर अर्थ असा की हवेची टाकी भरताना दाब हळू वाढतोय. लोक घाईने नवा कॉम्प्रेसर टाकतात, गळती तशीच ठेवतात, आणि नवाही जातो. आधी गळती, मग कॉम्प्रेसर. त्याच वेळी रिले बदला, जुना रिले चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणेही बदला, ओल आत गेली की व्हॉल्व्ह ब्लॉक गंजतो.

बॅटरीकडेही बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अशक्त बॅटरीवर सस्पेन्शन, गिअरबॉक्स, ब्रेक अशा भलत्याच बिघाडांचे संदेश एकदम येतात आणि माणूस हजारोंचे भाग बदलत बसतो.

खालची बाजू, डिफ लॉक आणि ओढण्याचे हुक

महागड्या मॉडेलला पोटाखाली प्लॅस्टिकची शीट असते. ती चिखल अडवते, दगड नाही. इंजिनखाली धातूची प्लेट लावून घ्या, पण तेल काढण्याची भोकं मोकळी हवीत. दाराखालच्या सिलवर ओरखडे आहेत का ते हात फिरवून बघा, वरून रंग मारलेला असतो.

मागचा डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय, अनेक गाड्यांत पर्यायी होता. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर) टाकून स्क्रीनवर ४x४ ची माहिती उघडा, लॉकचं चिन्ह नसेल तर लॉक नाही. लॉकशिवायही ट्रॅक्शन कंट्रोल काम करतं, फक्त पायाला सवय लावावी लागते. चाक हवेत फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडू नका, १५०० आरपीएमच्या आसपास दोन-तीन सेकंद स्थिर धरा. तेवढ्यात ब्रेक ते चाक पकडतो आणि जोर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाकडे जातो. पाय वरखाली केला की सिस्टिमला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ओढण्याचे हुक बंपरच्या झाकणामागे असतात. झाकण घरीच काढून सवय करा, चिखलात ते सापडत नाही. ३.२५ किंवा ४.७५ टनांची, क्षमता कोरलेली शॅकल (दोरी अडकवायची लोखंडी कडी) वापरा. ट्रेलरच्या टो बॉलला झटक्याची दोरी कधीही लावू नका. बॉल तुटून काचेतून आत येतो आणि जीव घेतो.

पाणी

९०० मिमी हा आकडा शांत पाण्याचा आणि एअर वर उचललेला असतानाचा आहे. आधी काठीने खोली आणि तळ बघा. इंजिन आणि ब्रेक थोडे थंड होऊ द्या. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (डिफची हवेची नळी) किंवा सील खराब असेल तर पाणी ओढून घेतो. लो रेंज, चालण्याच्या वेगाने, गाडीपुढे लाट राखून जा, मध्ये थांबू नका. बाहेर आल्यावर ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. पुढच्या आठवड्यात डिफचं तेल बघा. दुधाळ झालं असेल तर लगेच बदला.

ज्यांना हे सगळं नकोच आहे

वाटेतच पाना घेऊन पूर्ण दुरुस्त करता येईल अशीच गाडी हवी असेल, तर मोनोकॉक तुमच्यासाठी नाही. कंपनीच्या मते नवं शरीर उत्तम लॅडर फ्रेमपेक्षा तिप्पट ताठ आहे, आणि खडकावर तिरपी उभी राहिली तरी दारं नीट उघडतात हे खरंच. पण पिरगळलेला ॲल्युमिनियम रस्त्याकडेला ठोकून सरळ होत नाही. अशांसाठी जुनी डिफेंडर आहे, फक्त चेसिसचा मागचा आडवा भाग हातोडीने ठोकून गंज तपासा. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर गाडी सोडा. किंवा इनिऑस ग्रेनेडिअर आहे: लॅडर फ्रेम, दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, कॉइल स्प्रिंग. हायवेवर तिचं स्टिअरिंग संथ वाटतं, म्हणून घेण्याआधी किमान तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा.