४०१(के) मधले तीन टक्के

भारतात नोकरी केलेल्या माणसाला प्रॉव्हिडंट फंडाबाबत निर्णय घेण्याची सवयच नसते. मूळ पगाराचे बारा टक्के कापले जातात, मालकही तेवढेच भरतो, आणि पगारपत्रकावरील त्या रकान्याकडे आपण नोकरी सोडेपर्यंत ढुंकूनही पाहत नाही. हीच सवय घेऊन आपण अमेरिकेत येतो आणि ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फत चालणारी निवृत्तीसाठीची बचत योजना, म्हणजे 'इथला पीएफ' असे म्हणून मोकळे होतो. पीएफचा दर कायद्याने ठरलेला आहे. येथे तो तुम्ही ठरवायचा असतो, आणि तुम्ही गप्प राहिलात तर योजना आखताना कंपनीने जो आकडा लिहून ठेवला असेल तो तुमच्या नावावर लागतो. 'मौनं संमतिदर्शकम्' हे वचन इथल्या एचआर खात्यांइतके कोणी मनावर घेतलेले मी पाहिलेले नाही.

हा आकडा अनेक ठिकाणी तीन टक्के असतो. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांना आपोआप योजनेत घेतले जाऊ लागल्यावर सहभाग ८६ टक्क्यांवर गेला, परंतु त्यांतले बहुसंख्य लोक त्याच तीन टक्क्यांवर आणि कंपनीने निवडलेल्या मनी मार्केट फंडातच (कमी जोखमीच्या, कमी परताव्याच्या फंडात) बसून राहिले. तीन टक्के पुरेसे आहेत असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कंपनीने भरलेला आकडा म्हणजे कंपनीचा सल्ला, असे ते धरून चालले.

मीही तेच केले. माझ्या पहिल्या कंपनीत पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत तुम्ही भराल त्याच्या निम्मी रक्कम कंपनी 'मॅच' म्हणून घालत असे. पगार ८०,००० डॉलर होता आणि मी तीन टक्क्यांवर होतो, म्हणजे दर वर्षी १,२०० डॉलर मी मागितले नाहीत म्हणून मिळाले नाहीत. हे सात वर्षे चालले. पगार वाढलाच नाही असे धरले तरी ८,४०० डॉलर झाले, आणि त्यावर जी वाढ झाली असती ती निराळीच. त्याच सात वर्षांत टोलचे दोन डॉलर वाचवण्यासाठी मी रोज वीस मिनिटांचा वळसा घालत होतो. शेवटी नव्याने आलेल्या एका नागपूरच्या मुलाने जेवताना सहज विचारले, तेव्हा मी योजनेचे पोर्टल उघडले. चौकटीतील ३ खोडून ६ लिहीपर्यंत मायक्रोवेव्हमधला माझा डबाही गरम झाला नव्हता.

म्हणून रुजू झाल्याच्या आठवड्यातच 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन', म्हणजे योजनेचे नियम सांगणारी पुस्तिका, मागवा, त्यात मॅच किती टक्क्यांपर्यंत आहे ते शोधा आणि किमान तेवढा दर स्वतःच्या हाताने भरा. त्याच पानावर दर वर्षी एक टक्का आपोआप वाढवण्याची सोय असेल तर तीही निवडा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी पगारवाढीबरोबर बचतही वाढेल अशी योजना एका कंपनीत राबवली, तेव्हा ती स्वीकारणाऱ्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २०२२ च्या अखेरच्या कायद्याने त्यानंतर सुरू झालेल्या बहुतेक नव्या योजनांना २०२५ पासून अशी वार्षिक वाढ बंधनकारक केली आहे, पण जुन्या योजना त्यातून वगळल्या आहेत. शिवाय नोकरी बदलली की तुमचा जुना दर बरोबर येत नाही. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणारे आपले कितीतरी लोक पगार दीडपट करून घेतात आणि बचतीत पुन्हा तीन टक्क्यांवर येऊन बसतात.

'आम्हाला परतच जायचे आहे, पैसे कशाला अडकवायचे?' असे म्हणणाऱ्यांशी मी पुष्कळ वाद घातले आहेत (त्यांतले बरेचजण पंधरा वर्षांनंतरही माझ्याच गल्लीत राहतात). साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढल्यास सामान्यतः कराखेरीज काढलेल्या रकमेवर दहा टक्के दंड बसतो, हे खरे आहे. पण हिशेब मांडून पाहा. संघीय कर २२ टक्के धरला, तर पगारातून घेतलेल्या शंभर डॉलरांचे ७८ उरतात. तेच शंभर योजनेत घालून वर मॅचचे पन्नास मिळाले, आणि पुढे कर व दंड भरून सगळे काढले, तरी १०२ हाती येतात. अट एकच, ती म्हणजे मॅचचे पैसे 'व्हेस्ट' झालेले असावेत. तुम्ही भरलेली रक्कम पहिल्या दिवसापासून तुमचीच असते, पण कंपनीच्या रकमेसाठी काही योजनांत तीन वर्षे पूर्ण करावी लागतात आणि काहींत ती टप्प्याटप्प्याने सहा वर्षांत तुमची होते. राजीनाम्याची तारीख ठरवण्यापूर्वी हे पाहून घ्या, कारण तिसरे वर्ष पूर्ण व्हायला महिना उरला असताना बाहेर पडलेले लोक मला माहीत आहेत.

नोकरी सोडल्यावर खात्यात १,००० डॉलरपेक्षा कमी शिल्लक असेल, तर योजना तुम्हाला न विचारता त्याचा चेक काढू शकते, आणि तो नोंदवलेल्या पत्त्यावरच जातो. तेव्हा घर बदलले किंवा भारतात परतलात, तर बँकेच्या आधी या योजनेकडील पत्ता बदला.