दहा तारांवरून बारा तारांवर: पेडल स्टील गिटारवर हात नव्याने बसवताना

पेडल स्टील गिटार हे आडवे ठेवून वाजवायचे वाद्य आहे: उजवा हात तारा छेडतो, डावा हात त्यांच्यावर धातूचा बार सरकवतो आणि पायांची पेडल व गुडघ्यांचे लिव्हर तारांचे सूर चढवतात किंवा उतरवतात. त्याची ई नाइन्थ ही दहा तारांची मांडणी, म्हणजे तारा सुरांत लावण्याचा क्रम, अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात रूढ झाली आणि आजही बहुतेक वादक तिच्यावरच शिकतात. ही मांडणीसुद्धा टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली आहे. पेडल स्टीलवादक बडी एमन्स यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात एफ शार्प आणि डी शार्प या दोन तारा आणल्या आणि आज त्या वादकापासून सर्वांत दूर, पहिल्या आणि दुसऱ्या जागी असतात. बारा तारांच्या वाद्यात मात्र भर पडते ती विरुद्ध बाजूला, वादकाच्या अंगाजवळ, आणि दहाव्या तारेची कड धरून वर्षानुवर्षे घडलेला उजव्या हाताचा अंदाज तिथेच चुकू लागतो. नव्या तारांचे सूर लक्षात ठेवणे त्यामानाने सोपे असते. जुन्या तारा हाताला पुन्हा बिनचूक सापडाव्यात यासाठीच खरी मेहनत करावी लागते.

आपल्यासमोर बारा तारांचे नेमके कोणते वाद्य आहे, हे आधी पाहून घ्यावे. पहिला प्रकार विस्तारित ई नाइन्थचा. यात पहिल्या दहा तारा जशाच्या तशा राहतात आणि त्यांच्या खाली अकरावी जी शार्प व बारावी ई अशा दोन जाड तारा येतात. ई हा षड्ज धरला तर एका तारेने खालच्या सप्तकातला गांधार मिळतो आणि दुसरीने खर्जाचा षड्ज. दुसरा प्रकार युनिव्हर्सल मांडणीचा. त्यात ई नाइन्थ आणि बी सिक्स्थ या दोन मांडण्या एकाच पट्टीवर, म्हणजे तारा बसवलेल्या एकाच फळीवर, एकत्र आणलेल्या असतात. तिथे नवव्या जागेवरची डी, म्हणजे कोमल निषादाची तार, निघून जाते आणि नवव्या तारेपासून बाराव्यापर्यंत अनुक्रमे बी, जी शार्प, ई आणि बी असे सूर येतात. दोन्ही वाद्ये दिसायला सारखीच असली तरी त्यांचा अभ्यास वेगळा आहे, म्हणून एकाचे धडे दुसऱ्यावर गिरवू नयेत.

बैठकीपासून सुरुवात करावी. दोन तारांनी पट्टीची रुंदी जेमतेम पाऊण इंच वाढते, पण तेवढ्यानेही पाचवी तार उजव्या कोपरापासून दूर जाते आणि हात पुढे ताणला जातो. ताणलेल्या हाताचा अंगठा दहावी तार छेडायला जातो आणि अकरावीवर पडतो. यासाठी वाद्य आणि आसन यांच्यातले अंतर असे ठेवावे की पाचवी आणि सहावी तार पूर्वीच्याच ठिकाणी हाताखाली येईल. मग गुडघ्यांच्या लिव्हरची जागा आणि पेडलची उंची त्या बैठकीला जुळवून घ्यावी. हाताच्या सोयीसाठी पायांना जुळवून घ्यावे लागले तरी हरकत नाही, कारण पाय नव्या अंतराला लवकर सरावतात.

त्यानंतर पट्टीकडे न पाहता एकेक तार शोधण्याचा सराव करावा. अंगठ्याने आठवी तार छेडावी आणि मधल्या बोटाने चौथी. दोन्ही ई असल्यामुळे सप्तकाचे अंतर कानाला लगेच पटते आणि चूक झाली तर तीही लपत नाही. मग दहावी (युनिव्हर्सल मांडणीवर नववी) आणि पाचवी ही बीची जोडी घ्यावी. या दोन जोड्या निश्चिंतपणे लागू लागल्या की विस्तारित मांडणीवर अकरावी आणि सहावी, बारावी आणि आठवी या नव्या जोड्या त्यांना जोडाव्यात. कडेपासून तारा मोजण्याची सवय मोडून हाताने आठव्या तारेपासून अंदाज घ्यावा, हा या सरावाचा हेतू आहे, कारण कड बदलली तरी आठवी तार दोन्ही प्रकारांत ईच राहते.

बारच्या बाबतीत घाई करू नये, असे माझे मत आहे. बारा तारांसाठी एक इंच व्यासाचे, पावणेचार इंचांच्या आसपास लांबीचे जड बार मिळतात आणि जाड तारांवर त्यांचा नाद भरदार येतो, हे खरे आहे. पण उजवा हात नव्याने बसत असताना डाव्या हातालाही नवे वजन दिले, तर सूर कशामुळे हलतो आहे तेच कळत नाही. पहिली व बारावी तार एकत्र वाजवण्याचा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे सवयीचा बार काही काळ पुरतो.

नको असलेला नाद थांबवणे हा भाग सर्वांत कष्टाचा आहे आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. विस्तारित मांडणीवर आठवी तार छेडली की तिच्या खालच्या सप्तकातली बारावी तार सतारीच्या तरफेसारखी आपोआप घुमू लागते. त्यातच वरच्या तारांवर वाजवताना बारचे मागचे टोक किंचित उचललेले असेल, तर खालच्या तारा मोकळ्या राहतात. तिसऱ्या घरावर जी मेजर वाजत असताना अंगठ्याचा जरासा धक्का लागून मोकळी अकरावी तार बोलली, तर जीच्या शेजारी जी शार्प ऐकू येतो आणि सगळी सुरावट खराब होते. म्हणून तिसरी, चौथी, पाचवी या तारांवर वाजवताना उजव्या तळहाताचा मागचा भाग शेवटच्या दोन तारांवर हलका टेकलेला असावा. हे साधले आहे का ते पाहण्यासाठी एक सुरावट वाजवून सर्व तारा एकदम बंद कराव्यात आणि मागे काही घुमत राहते का ते ऐकावे.

विस्तारित मांडणीच्या तारा सुरात लावताना अकरावी तार विद्युत ट्यूनरच्या मध्यरेषेवर आणू नये. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि अनेक स्टीलवादक तिसरी व सहावी या गांधाराच्या तारा त्याच कारणाने थोड्या उतरवून लावतात. सहावी जिथे लावली असेल तिथेच अकरावी तिच्याशी सप्तकाने, दोन सुरांच्या टकरीतून ऐकू येणारी थरथर थांबेपर्यंत कानाने जुळवावी. जाड तार जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो आणि मग स्थिरावतो. तो स्थिरावल्यावरच निर्णय घ्यावा. पेडल दाबल्यावर वाद्याचा सांगाडा किंचित वाकून इतर तारा उतरतात, म्हणून ए आणि बी या नावांची दोन्ही पेडल दाबूनही खालच्या तारा एकदा तपासाव्यात.

खालच्या तारांवर वाजवायचे काय, याचे उत्तर संयमाचे आहे. विस्तारित मांडणीतली बारावी ई म्हणजे सुमारे 82 हर्ट्झ, साध्या गिटारच्या सहाव्या तारेचा सूर. दहा, अकरा, बारा या तिन्ही तारा एकत्र छेडल्या तर षड्ज आणि गांधार इतके खाली जवळजवळ येतात की नाद गढूळ होतो. बारावी आणि दहावी, म्हणजे षड्ज आणि पंचम, एवढेच घेतले तर तोच नाद स्वच्छ आणि भक्कम येतो, आणि गांधार सहाव्या तारेवर घेता येतो. बी पेडलने तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून एवर चढते. त्याच पेडलला अकरावी तारही जोडून घ्यावी, म्हणजे खालच्या सप्तकातही गांधार त्याच वेळी मध्यमावर जाईल. बारावी तार सुरुवातीला कोणत्याही पेडलला न जोडता मोकळी ठेवलेली बरी, कारण प्रत्येक नव्या जोडणीने पेडल जड होते.

युनिव्हर्सल मांडणी निवडली असेल, तर चौथ्या आणि आठव्या तारेवरची ई उतरवून डी शार्प करणारा गुडघ्याचा लिव्हर तिचा कणा आहे. तो दाबून धरला की चौथ्या तारेपासून बाराव्यापर्यंत बी सिक्स्थची मांडणी तयार होते. दोन पट्ट्यांच्या वाद्यात दुसऱ्या पट्टीवर असणाऱ्या सी सिक्स्थ मांडणीच्या दुसऱ्या ते दहाव्या तारांचीच ती अर्ध्या सुराने खाली आलेली प्रत असते. या मांडणीचा आग्रहाने पुरस्कार करणारे पेडल स्टीलचे शिक्षक जेफ न्यूमन तिच्याकडे एकच सलग मांडणी म्हणून पाहत, आणि शिकणाऱ्यानेही तेच करावे. गेलेल्या कोमल निषादासाठी सहसा वेगळा लिव्हर असतो आणि तो नवव्या तारेला बीवरून डीवर चढवतो. पूर्वी आठवी, नववी, दहावी अशी उतरणारी ई, डी, बी ही ओळ आता आठवी तार, मग लिव्हर दाबून नववी आणि लिव्हर सोडून पुन्हा नववी अशी येते. शेवटचे दोन सूर एकाच तारेवर असल्याने त्यांच्यात मींडही घेता येते, जी दहा तारांवर या जागी मिळत नव्हती. ही ओळ आधी विलंबित लयीत, गुडघ्याची हालचाल आणि तारेचा आघात एकाच क्षणी पडेपर्यंत घोटावी आणि मगच सवयीच्या गाण्यांत आणावी.