शोभेचं गवत लावताय? आधी पिशवी काढून मुळं बघा

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकांत गर्दी होते. त्या गर्दीत हल्ली शोभेचं गवत मागणारे बरेच असतात. फार्महाउसचं फाटक, बंगल्याची कुंपणभिंत, गच्चीवरची मोठी कुंडी, सगळीकडे तुरेवालं गवत हवं असतं. हौस चांगलीच आहे. पाणी बेताचं लागतं, निगा कमी आणि दिसतंही छान. पण जास्वंद मनासारखी आली नाही तर उपटून टाकता येते. गवताची निवड चुकली तर ते शेजाऱ्याच्या बांधावर आणि मागच्या टेकडीवर जाऊन बसतं आणि मग कोणाच्याच हातात राहत नाही.

गवत दोन वाटांनी पसरतं, जमिनीखालून कोंबांनी आणि वाऱ्यावर बियांनी. दोन्ही वाटा रोप घेतानाच तपासता येतात.

कोंबांचं आधी बघू. रोपवाल्याला सांगून पिशवी काढायला लावा आणि मातीचा गोळा हातात घेऊन नीट बघा. सगळे फुटवे एकाच बुंध्यातून सरळ वर आलेले आणि मुळं दोऱ्यासारखी बारीक असतील तर ते ठोंब धरून राहणारं गवत, बिनघोर घ्या. पण गोळ्याच्या कडेने गोल फिरलेले, जाडसर, पांढरे, टोकदार कोंब दिसले तर रोप परत जागेवर ठेवा. पिशवीत जागा नाही म्हणून ते फिरताहेत, वाफ्यात गेले की सरळ धावतील. लाल पात्यांचं ‘जपानी ब्लड ग्रास’ याच चालीचं. शिवाय त्याचा लाल रंग कधीकधी जातो आणि उरतो तो हिरवा, जास्त जोमाचा प्रकार.

गोळा हातात आहेच, तर लव्हाळा हे चिवट तणही त्यात आहे का ते शोधा. तारेसारख्या काळपट धाग्याला जोडलेल्या, हरभऱ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या तपकिरी गाठी दिसल्या तर रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. एक गाठ राहिली तरी वाफा गेला. विकतच्या लाल मातीतूनही लव्हाळा येतो, तेव्हा ती चाळून घ्या.

आता बियांची वाट. यात सर्वांत सांभाळून राहायचं ते फाउंटन ग्रासपासून. रोपवाटिकेत याचे दोन प्रकार असतात, हिरव्या पात्यांचा आणि जांभळट-लाल पात्यांचा. हिरवा मूळचा आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडचा. हवाई बेटांवर तो शोभेसाठीच नेला होता. तिथे तो लाव्हाच्या उघड्या खडकांवर पसरला आणि वाळल्यावर वणव्याला इंधन पुरवू लागला. युरोपीय संघाने 2017 साली त्याला घातक आक्रमक वनस्पतींच्या यादीत घातलं. त्याचं बी जमिनीत सहा-सात वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. जांभळा प्रकार बहुतांशी वांझ असतो, म्हणून तो चालेल, पण ठोंब फोडून केलेलाच घ्या. ‘बियांपासून केलंय’ असं उत्तर आलं तर तो हा वांझ प्रकार नव्हेच, असं समजा.

पम्पास ग्रासचं वेड लग्नाच्या सजावटीतून आलं. मूळ दक्षिण अमेरिकेचं हे गवत कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये तण म्हणून उपटावं लागतं. मादी झाडाचा एकेक तुरा हजारोंनी बी देतो. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटात नर किती आणि मादी किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. परदेशातून थेट बी मागवायचं तर 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे कागदपत्रं लागतात, हेही लक्षात असू द्या. माझं स्पष्ट मत, पम्पास नकोच.

हे सगळं लांबच्या देशांतलं वाटत असेल तर दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या कोणत्याही टेकडीवर जा. गुलाबी-जांभळट तुऱ्यांचं जे गवत डुलताना दिसतं, त्यातलं बरंचसं दीनानाथ गवत असतं. ते चारा म्हणून लावलं गेलं आणि मोकाट सुटलं. लोक हौसेने तुरे तोडून फुलदाणीसाठी घरी नेतात आणि बी वाटभर सांडतं. हे तुरे आणू नका.

मग लावायचं काय? माझी पहिली पसंती वाळ्याला. दक्षिणेकडे लागवडीत असलेल्या वाळ्याला जांभळट तुरे येतात, पण उगवेल असं बी धरत नाही आणि तो जमिनीखालूनही पसरत नाही. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे उताराची माती धरून ठेवतात. उत्तरेकडचा रानवाळा मात्र बी धरतो, म्हणून बियांपासून नको, माहितीच्या ठिकाणाहून ठोंबच आणा. पाऊस स्थिरावला की लावा. कुंपणासारखी ओळ हवी असेल तर चार ते सहा इंचांवर, एकेकटे ठोंब हवे असतील तर तीन फुटांवर.

दुसरा गवती चहा. स्वस्त आणि घरोघरी असतो म्हणून शोभेच्या यादीत त्याला कोणी धरत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन फुटांवर तीन-चार ठोंब लावून बघा, कारंज्यासारखी पाती झुकतात. आपल्याकडे तो क्वचितच फुलतो, त्यामुळे बियांची धास्ती नाही. पाणी साचलं तर बुंधा कुजतो, तेव्हा कोकणात तो गादीवाफ्यावर किंवा उतारावर लावा. पात्यांवर तांबेऱ्याचे ठिपके दिसले तर अर्ध्या फुटावर छाटा, नवी पाती येतात.

सावलीत मोंडो ग्रास लावा. ते खरं गवत नव्हे, पण हळू वाढतं आणि बेतात राहतं. पडद्यासारखी उंच हिरवाई हवी असेल तर माणगा बांबू. तो बेटातच वाढतो आणि काटेही नसतात. आपल्या डोंगरातली कुसळी मात्र इथलीच असली तरी लहान मुलं किंवा कुत्रं असलेल्या घरी लावू नका. कुसळं कपड्यांत आणि कातडीत घुसतात.

गवतात साप येतात का, हे हमखास विचारलं जातं. दाट ठोंबाखाली वाळकी पाती साचली की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. दाराजवळ ठोंब लावू नका, बुंधा साफ ठेवा.

हिरवं फाउंटन ग्रास आधीच लावलेलं असेल तर आता, माती ओली असताना, मुळांसकट खणून काढा. तुरे आलेले असतील तर आधी ते कापून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि उन्हात राहू द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पुढची काही वर्षं दर पावसाळ्यात त्या जागेवरून एक फेरी मारा आणि उगवलेली रोपं चार पानांवर असतानाच उपटा.