म्हातारी माणसं लस घेत नाहीत म्हणता? आधी आपल्या या चुका टाळा

गावात लसीचा कॅम्प लागला आणि म्हातारी माणसं फिरकली नाहीत की आपल्याकडं एक वाक्य तयारच असतं, "लोक अडाणी आहेत हो." मी वाळवा तालुक्यात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं, कारण निम्म्या वेळा घोळ आपणच घातलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतः न घेता दुसऱ्याला सांगायला जाणं. ही मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबण लावते. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, पहिला नंबर आम्हा आरोग्यवाल्यांचा. मला मेसेज आला आणि मी आज ड्युटी आहे, उद्या घरी पाहुणे आहेत असं करत अख्खा फेब्रुवारी घालवला. खरं तर भीती वाटत होती, व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं, पण सिस्टरनं घाबरायचं नसतं ना, मग बोलायचं कुणाला. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना सुरू झालं. पहिल्याच बाकावर एक आजी बसलेल्या, मी नेहमीची टेप लावली, लस सेफ आहे, घाबरू नका वगैरे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू घेतलीस व्हय गं?"

मी म्हटलं, "घेणारे की."

"मग आधी तू घे, मग आमी बघतो." उठल्या, पिशवी उचलली, त्यांच्यामागं आणखी तिघी उठल्या. कोविशिल्डची बाटली दहा डोसची, एकदा फोडली की चार तासांत संपवायची, आणि आम्ही ती फोडून बसलेलो. उरलेले डोस वाया. दोन दिवसांनी मी घेतली, रात्री ताप आला, दंड ठणकला, आणि हे सगळं जसंच्या तसं सांगायला आजींच्या दारात गेले. त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच आल्या.

तेव्हापासून माझी सवय, गावात जायच्या आधी आशाताई, ड्रायव्हर, शिपाई सगळ्यांना दार लावून बसवायचं आणि काय वाटतंय ते बोलू द्यायचं. नव्या पोरी आल्या की थेट पोस्टर लावायला पळतात, त्यांना हे म्हणजे टाइमपास वाटतो. वाटू दे.

दुसरी चूक, तारीख बदलायची आणि कारण सांगायचं नाही. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी ४ ते ६ आठवड्यांनी होता, मग ६ ते ८ झाला, मे २०२१ मध्ये एकदम १२ ते १६. आम्ही दारावर कागद चिकटवून मोकळे. म्हातारी माणसं मे महिन्याच्या उन्हात यायची, कागद वाचून घ्यायची आणि म्हणायची, माल संपलाय म्हणून थापा मारतायत. तुटवडा होताच तेव्हा, त्यामुळं पटायचंही. अंतर वाढवलं तर दुसऱ्या डोसनंतर प्रतिकारशक्ती जास्त चांगली तयार होते एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तरी निम्मी भांडणं वाचली असती.

बाकीच्या चुका पटापट सांगते. कॅम्प शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवू नका, गुडघे दुखणारा माणूस खालूनच घरी जातो. सगळं मुलाला सांगायचं आणि आजोबांना फक्त "बाही वर करा" म्हणायचं, हे तर अजिबात नको, दंड त्यांचाय. "काही होत नाही" असं म्हणू नका, ताप आला की तुम्ही खोटारडे. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर सुई काढल्यावर दोन-तीन मिनिटं कापूस दाबून धरा, चोळू नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणू बदलतो, "मागं घेतली की" हे चालत नाही.

आणि आपल्या दवाखान्यातल्याच लोकांसाठी एक. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिच्या लसीचे डोस तीन, आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. दोन घेऊन तिसरा विसरलेले दवाखान्यात ढिगानं आहेत, पेशंटला वापरलेली सुई चुकून स्वतःला टोचली की मग माझ्याकडं फोन. तिसऱ्याची तारीख मी कपाटाच्या दाराला खडूनं लिहिते, मोबाईलच्या रिमाइंडरवर माझा भरवसा नाही.