घरातले किस्से लिहून कसे ठेवावेत : माणसांचे, कुत्र्यांचे आणि एका म्हशीचे

प्रत्येक घरात काही किस्से असे असतात की ते गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री किंवा बाराव्याच्या जेवणानंतर हमखास निघतात, आणि ते प्रत्यक्ष पाहिलेले माणूस गेले की त्यांतले केवळ शेवटचे वाक्य मागे राहते. आमच्या घरात ‘खोकल्याशिवाय दूध नाही’ हे असेच एक वाक्य आहे. मोठी माणसे त्यावर हसतात, लहान मुले त्यांच्याकडे पाहत बसतात. असे किस्से नीट उतरवून ठेवण्यासाठी साहित्यिक असण्याची गरज नाही. काही पथ्ये मात्र पाळावी लागतात.

पहिली पायरी म्हणजे योग्य वेळ गाठणे. वही-पेन घेऊन समोर बसले की मोठी माणसे सावरून बसतात आणि भाषण सुरू करतात. त्यांचे हात कामात गुंतलेले असताना विचारावे. कोल्हापुरात यासाठी उन्हाळ्यातील चटणीच्या तयारीसारखी दुसरी वेळ नाही. वर्षभराच्या चटणीसाठी मिरच्यांची देठे खुडायला घरातल्या बायका गोल करून बसतात, कोणीतरी शिंकते, त्या शिंकेवरून कोणाची तरी आठवण निघते, आणि डंकावर, म्हणजे मिरच्या कांडून देणाऱ्या गिरणीत, जाण्याची वेळ होईपर्यंत तीन पिढ्यांचा हिशेब मांडून झालेला असतो. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. फोन नजरेआड ठेवावा, पण लपवू नये.

दुसरी पायरी प्रश्नांची. ‘तुमचे बालपण कसे होते?’ या प्रश्नाला ‘चांगले होते’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, घरातला पहिला टीव्ही कोणत्या भिंतीला होता आणि शेजारचे कोण कुठे बसायचे, असे विचारावे. ‘दूध कुठून यायचे?’ हा प्रश्न तर या शहरात कधीच वाया जात नाही, कारण समोर म्हैस पिळून घेऊन तिथेच उभ्याने धारोष्ण दूध पिण्याची सवय येथील दूधकट्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

याच प्रश्नावर आमच्या आत्तींनी खोकल्याची मूळ गोष्ट सांगितली. आजोबांच्या म्हशीची धार तेच काढत. एकदा ते पंढरपूरला गेले आणि म्हैस पान्हा सोडीना. अनोळखी हात लागला किंवा जनावर बुजले की असे होते, हे गवळ्यांना ठाऊक असते. आजीने आजोबांचा खाकी कोट अंगात घातला, डोक्याला त्यांचा पटका गुंडाळला, तरी म्हैस शेपटी आपटत उभीच. अखेर आजीने गोठ्याच्या दारात थांबून आजोबांसारखा खोकला काढला, दोनदा कोरडा आणि एकदा घसा खाकरून, तेव्हा कुठे चरवीत पहिली धार वाजली. खिडकीत जमलेल्या मुलांवर ती खेकसली, “हसू नगासा, आटवंल ती!” परत आल्यावर आजोबा एवढेच म्हणाले, “म्हंजे घरात माझ्यापरास माझ्या खोकल्यालाच किंमत हाय म्हणायची.”

ही गोष्ट लिहिताना ‘यावरून सवयीचे महत्त्व कळते’ असे एक वाक्य शेवटी जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. कोट, पटका, दोनदा कोरडा खोकला आणि चरवीचा आवाज एवढे नेमके उतरले, तर आजीची युक्ती आणि आजोबांचा रुसवा वाचणाऱ्याला सांगावा लागत नाही. आणि हे तपशील गळाले, तर कोणतेही तात्पर्य त्या गोष्टीला उभे करू शकत नाही.

तिसरी पायरी बोली जशीच्या तशी ठेवण्याची. निवेदन प्रमाण भाषेत असावे, संवाद मात्र माणसाच्या तोंडचाच असावा. कोल्हापुरात मुलीही सहज ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. वहीत ते ‘मी येते’ करून टाकले, तर बोलणारी आपली आत्ती राहत नाही, शाळेच्या तपासणीला आलेल्या बाई होतात.

चौथी पायरी काळ ठरवण्याची आहे. सन विचारला की बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांच्या खुंट्या वापराव्यात : कोयनेचा भूकंप, जो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, १९७२ चा दुष्काळ, किंवा २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. ‘म्हैस भूकंपाआधी घेतली की नंतर?’ या प्रश्नावर दोन वृद्ध भावंडे तावातावाने भांडतात आणि त्या भांडणातून बहुधा आणखी एक किस्सा पदरात पडतो.

पाळीव प्राण्यांविषयी लिहिणे सर्वांत अवघड, कारण तिथे लेखणी लगेच गहिवरते. ‘आमचा खंड्या फार हुशार आणि इमानी होता’ हे वाक्य गावातल्या प्रत्येक कुत्र्याला लागू पडते. प्राण्याच्या मनात काय होते ते लिहू नये. त्याने काय केले, तो कुठे बसला, तेवढेच लिहावे. शेजारच्या आण्णांना डॉक्टरांनी तेलकट-खारट बंद करून रोज रंकाळ्यावर चालायला सांगितले होते आणि ते खंड्याला घेऊन नेमाने जात. एके संध्याकाळी ते परगावी असल्याने सूनबाई खंड्याला घेऊन निघाल्या. खंड्याने त्यांना ओढत थेट चौपाटीवरील एका भेळेच्या गाडीपाशी नेले आणि तो चाकाला टेकून बसला. गाडीवाल्याने न सांगता कागदावर मूठभर चुरमुरे त्याच्यापुढे ठेवले आणि सूनबाईंना विचारले, “आज आण्णा न्हाईत? त्येंचं नेहमीचं बांधू काय?” खंड्याच्या इमानाविषयी आण्णांचे मत त्यानंतर बदलले, असे म्हणतात.

लिहून झाल्यावर ज्यांचा किस्सा आहे त्यांना तो वाचून दाखवावा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर निवाडा करत न बसता दोन्ही लिहाव्यात. ज्याच्यावर घर हसते तो स्वतःही हसत असेल, तरच तो किस्सा वहीत राहावा. अपयश, आजारपण, मोडलेले लग्न यांवरची थट्टा मैफलीत खपून जाते, कागदावर मात्र ती टोचत राहते.

शेवटी जतन. फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. फोटो लॅमिनेट करू नयेत आणि चिकट पानांच्या अल्बममध्येही ठेवू नयेत. पंचगंगेकाठच्या पेठांत वही आणि अल्बम नेहमी वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या बंद डब्यात असावेत. तरीही फोटो भिजलेच, तर ते एकमेकांना चिकटून वाळण्याआधी स्वच्छ थंड पाण्यात सोडवून घ्यावेत आणि सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून, स्वच्छ कापडावर पसरावेत. वर्तमानपत्रावर पसरू नयेत, त्याची शाई त्यांना लागते. वहीच्या पानांचे फोटो काढून एक संच परगावच्या नातेवाइकाकडे पाठवावा, शक्यतो चुका काढण्याची सवय असलेल्याकडे. त्याच्याकडून येणाऱ्या दुरुस्त्यांसाठी शेवटची काही पाने कोरी सोडावीत.