घर बदलताना मत्स्यटाकी हलवायची असल्यास
राजारामपुरीतून कसबा बावड्याला घर हलवताना माशांची टाकी पाण्यासकट दोघांनी उचलून टेम्पोत ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण २ फूट लांब आणि १ फूट रुंद व उंच टाकीत सुमारे ५६ लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते, आणि ते हिंदकळले की सिलिकॉनचे सांधे उकलू शकतात. माशांना आदल्या दिवशी खाद्य देऊ नये व टाकीतल्याच पाण्यासह झाकणाच्या बादलीतून न्यावे. खरी जपणूक फिल्टरच्या स्पंजाची करावी: माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू मुख्यतः त्यातच वसतात, म्हणून तो नळाखाली न धुता (स्वच्छतेची हौस इथे महागात पडते) जुन्या पाण्यात बुडवूनच न्यावा. नव्या घरी नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाने घालवूनच ते टाकीत भरावे.