छोट्या लाकडी पिंपात घरची बिअर मुरवताना

पाच लिटरचे ओकचे पिंप मोठ्या पिंपाची लहान प्रतिकृती वाटते, पण त्यात भरलेली बिअर फार वेगळ्या गतीने बदलते. वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या २२५ लिटरच्या पिंपाशी तुलना केली, तर येथे दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन पट असतो. त्यामुळे मोठ्या पिंपात ज्या चवीला कित्येक महिने लागतात, ती येथे काही दिवसांत उतरते. मात्र लाकडाची चव उतरली म्हणजे बिअर मुरली, असे नव्हे. मुरण्याला स्वतःचा वेळ लागतोच, आणि तो वेळ बिअरला पिंपातून बाहेर काढल्यावर बाटलीतही देता येतो. लहान पिंप वापरणाऱ्याने हा फरक सतत लक्षात ठेवावा, कारण बहुतेक बिअर बिघडते ती पिंपात गरजेपेक्षा जास्त दिवस राहिल्यामुळे.

नवे पिंप कोरडे असते आणि त्याच्या फळ्यांमध्ये बारीक फटी असतात. ते आधी गरम पाण्याने दोन-तीनदा विसळून आतून भाजलेल्या लाकडाची कोळशासारखी भुकटी काढून टाकावी आणि मग काठोकाठ गरम पाण्याने भरून ठेवावे. सुरुवातीला ते गळेल. पाणी कमी होईल तशी भर घालत राहावे, म्हणजे लाकूड फुगून एक-दोन दिवसांत फटी आपोआप मिटतात. तरीही गळती राहिली, तर फळ्यांना बाहेरून आवळणाऱ्या धातूच्या कड्या पिंपाच्या फुगीर मध्यभागाकडे सर्व बाजूंनी सारख्या ठोकाव्यात आणि उरलेल्या बारीक जागेवर बाहेरून मेण चोळावे. पाणी रोज बदलावे, कारण साचलेल्या पाण्याचा कुबट वास लाकूड धरून ठेवते. बाहेर पडणारे पाणी चहासारखे तांबूस दिसते, तो ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्याचा रंग असतो. हा रंग बराच फिका झाल्याशिवाय मी नव्या पिंपात बिअर भरत नाही.

साबण आणि ब्लीच मात्र कधीही वापरू नये. साबणाचा वास लाकडातून जात नाही, आणि ब्लीचमधील क्लोरीनचा फिनॉलवर्गीय द्रव्यांशी संयोग झाला की बिअरला औषधासारखा दर्प येतो. शिवाय लाकूड सच्छिद्र असल्यामुळे ते पूर्णपणे निर्जंतुक होतच नाही. अगदी गरम पाण्यानेही जंतूंची संख्या केवळ कमी होते. ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट तर लाकडाच्या आत खोलवर टिकून राहते. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील एन. हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ साली ज्या यीस्टचा संबंध मुरवलेल्या इंग्लिश बिअरच्या खास चवीशी जोडला, ते हेच. एकदा ते पिंपात शिरले की ते पिंप तशाच चवीच्या बिअरसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

बिअर निवडताना सात टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव भरपूर आणि कडवटपणा बेताचा असलेली गडद बिअर घ्यावी. ओकमधून व्हॅनिलाचा सुगंध देणारे व्हॅनिलिन, नारळाची आठवण करून देणारे लॅक्टोन आणि टॅनिन उतरतात, आणि हलक्या बिअरमध्ये त्यांच्याखाली मूळ चव दबून जाते. किण्वन पूर्ण संपलेले असणे अत्यावश्यक आहे: हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्वाचे माप सलग तीन दिवस तेच आले पाहिजे. पातळ फळ्यांची छोटी पिंपे दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसतात, म्हणून फेसासाठीची साखर पिंपात घालू नये.

बिअर सायफन नळीने, नळीचे टोक तळाशी ठेवून, न उसळवता भरावी आणि बुचाखाली शक्यतो हवा उरू देऊ नये. अल्कोहोलचे व्हिनेगर करणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. पिंप १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या, फार कोरड्या नसलेल्या जागी आडवे ठेवावे, आणि फळ्यांतून बाष्पीभवन होऊन जितकी बिअर घटेल तितकी त्याच बिअरची भर घालावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला नमुना चाखावा आणि नंतर दर दोन दिवसांनी चाखत राहावे. नव्या पिंपातील पहिली बिअर आठवडाभरात तयार झाली तर आश्चर्य वाटू नये. घोट गिळल्यानंतर लाकूड स्पष्ट जाणवते, पण जीभ कोरडी पडत नाही, ती वेळ मला योग्य वाटते. व्हॅनिलाचा सुगंध आणखी वाढावा म्हणून थांबले, की तो वाढेपर्यंत टॅनिनचा तुरटपणाच पुढे येतो. दुसऱ्या भरणीला साधारण दुप्पट वेळ लागतो. तिसऱ्या भरणीपर्यंत लाकडाचा जोर ओसरलेला असतो आणि बिअर खरोखर महिनोन्‌महिने मुरवता येते. माझ्या मते छोट्या पिंपाची खरी उपयुक्तता येथून सुरू होते.

बाटल्या भरताना दर लिटरला ५ ते ६ ग्रॅम साखर घालावी, आणि बिअर दोन महिन्यांहून अधिक काळ पिंपात राहिली असल्यास थोडे ताजे यीस्टही घालावे. रिकामे झालेले पिंप शक्यतो त्याच दिवशी पुढच्या बिअरने भरावे. ते शक्य नसेल, तर गरम पाण्याने विसळून दर लिटरमागे २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवावे. या द्रावणातून निघणारा वायू श्वासाला झोंबतो, म्हणून हे काम उघड्या हवेत करावे, आणि पुन्हा वापरण्यापूर्वी पिंप स्वच्छ पाण्याने अनेकदा विसळून त्याचा वास घ्यावा. व्हिनेगरचा वास येत असेल, तर त्या पिंपात पुन्हा बिअर भरू नये.